जंगल सफारीची जुनी जिप्सी : निवृत्तीनंतर तिचं काय होतं, मालकानं काय करावं?

बालाघाट : कान्हा व्याघ्र प्रकल्पाचं मुक्की गेट आपल्या बालाघाट जिल्ह्यात, बैहर तहसिलीत येतं. शेजारच्या सिवनीत पेंचचं तुरिया गेट आहे, तर गोंदिया-भंडाऱ्यात नवेगाव-नागझिरा. या जंगलांत पर्यटकांना वाघ दाखवायचं काम वर्षानुवर्षं मुख्यतः एकाच गाडीनं केलं, ती म्हणजे मारुती जिप्सी. २०१९ मध्ये कंपनीनं सर्वसामान्य ग्राहकांसाठी ही गाडी बनवणं बंद केलं. नवी मिळत नाही म्हणून जुनीला मागणी आहे. सफारीतून निघालेली जिप्सी कधी शेतात जाते, कधी लग्नाच्या वरातीत, कधी राज्याची सीमा ओलांडून दुसऱ्या जिल्ह्यात.

घोळ होतो तो कागदांचा. "गाडी त विकली, पण आरसी अजून माझ्याच नावावर आहे," हे वाक्य सीमेच्या दोन्ही बाजूंना ऐकू येतं. लोखंड गंजायला वीस-पंचवीस वर्षं लागतात, पण एक अर्धवट राहिलेला कागद एका अपघातात घर बसवू शकतो. म्हणून जुन्या सफारी जिप्सीचे मालक, ती घेऊ पाहणारे आणि जिच्या अंगणात अशी गाडी पडून आहे ती कुटुंबं, या सगळ्यांसाठी ही माहिती एका जागी.

थोडक्यात महत्त्वाचं

- गाडी दिली, पैसे घेतले, म्हणजे व्यवहार पूर्ण झाला असं नाही. आरसीवर नाव बदललं की मगच तो पूर्ण होतो.
- मध्य प्रदेशची गाडी महाराष्ट्रात किंवा छत्तीसगडमध्ये विकायची तर आधी मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८) लागते.
- पिवळ्या पाटीची सफारी गाडी घरी वापरायची तर परमिट जमा करून ती खासगीत बदलून घ्यावी लागते.
- १५ वर्षांवरील सरकारी गाडीची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुन्हा होत नाही.
- भंगारात द्यायची तर नोंदणीकृत केंद्रात द्यावी आणि प्रमाणपत्र घ्यावं.

ही गाडी एवढी टिकते कशी?

जिप्सी भारतात आली १९८५ च्या डिसेंबरात. जपानच्या सुझुकी कंपनीच्या छोट्या फोरव्हील गाडीची ही लांब आवृत्ती. सुरुवातीला इंजिन ९७० सीसीचं होतं. १९९६ मध्ये १२९८ सीसीचं मोठं इंजिन आलं आणि गाडीला 'जिप्सी किंग' नाव पडलं. २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय इंजिन आलं, त्याची ताकद साधारण ८० अश्वशक्ती.

गाडीची रचना साधी आहे. खाली शिडीसारखी चेसिस, पुढं-मागं सरळ अ‍ॅक्सल, चारही चाकांना पाट्यांचं सस्पेन्शन. वजन एक टनाच्या आसपास. म्हणून चिखलात फसली तरी चार माणसं ढकलून काढतात. कॉम्प्युटर, सेन्सर कमी असल्यानं गावातला मिस्त्रीही ती उघडून जोडतो. १३०० सीसीच्या इंजिनाची मारुतीच्या एस्टीम, वर्सा आणि सुरुवातीच्या पेट्रोल स्विफ्टच्या इंजिनांशी नातेवाईकी आहे. म्हणून गाडी बंद झाली तरी इंजिनाचे बरेच सुटे भाग अजून मिळतात. अडचण येते ती ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल, बॉडीचे पत्रे आणि दरवाजे यांची. हे भाग फक्त जिप्सीचेच. त्यामुळे एक गाडी जिवंत ठेवायला दुसरी मोडावी लागते.

सफारीतून गाडी का निघते?

सफारीची गाडी मीटरवर कमी किलोमीटर दाखवते, पण झिजते जास्त. पहाटेची एक फेरी, दुपारची एक फेरी, सगळी कच्च्या रस्त्यावर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. वर सहा पर्यटक, गाइड आणि ड्रायव्हर. वाघ दिसला की इंजिन बंद, पुन्हा चालू. यात क्लच, पाटे, बुश, स्टीअरिंगचे सांधे आणि बॅटरी आधी जातात. उन्हाळ्यात धूळ एअर फिल्टरमधून इंजिनात जाते, पावसाळ्यात चेसिसच्या पोकळीत चिखल बसतो आणि आतून गंज धरतो.

दुसरं कारण नियमांचं. व्यावसायिक गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावी लागते. त्यातच अनेक राष्ट्रीय उद्यानं सफारीच्या गाड्यांना वयाची मर्यादा घालतात, आणि ती वेळोवेळी बदलते. आपल्या गेटचा चालू नियम उद्यानाच्या कार्यालयातूनच विचारून घ्यावा. पावसाळ्याचे तीन महिने कान्ह्याचं गाभा क्षेत्र बंद असतं. गाडी दुरुस्त करायची की काढून टाकायची, हा हिशेब मालक याच दिवसांत मांडतात.

निवृत्त गाडीच्या पाच वाटा

*१. घरची गाडी.* मालक स्वतःच ती शेताकडे, धानाच्या बांधीपर्यंत खत-बियाणं न्यायला ठेवतो. ही सगळ्यात सोपी वाट वाटते, पण पाटी पिवळीच राहिली तर कर, फिटनेस आणि परमिटचा तगादाही राहतो.

*२. विक्री.* हौशी लोक, रिसॉर्ट, ठेकेदार घेतात. सीमाभागात खरेदीदार बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यातला असतो, म्हणून कागदं वाढतात.

*३. मिरवणुकीची गाडी.* वरचं हूड काढलेली उघडी जिप्सी लग्नात, गणपतीत, निवडणूक प्रचारात दिसते. पण पैसे घेऊन भाड्यानं द्यायची असेल तर परमिट लागतं. पांढऱ्या पाटीच्या गाडीनं भाडं मारलं आणि पकडली गेली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२-अ खाली १०,००० रुपये दंड आहे. कैदही होऊ शकते.

*४. सुट्या भागांची खाण.* एक गाडी मोडून दुसऱ्या दोन चालवायच्या. यात काही गैर नाही, फक्त मोडलेल्या गाडीची नोंदणी आधी रद्द झालेली हवी.

*५. भंगार.* याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

पिवळी पाटी ते पांढरी पाटी

सफारी जिप्सी सहसा व्यावसायिक वाहन म्हणून नोंदलेली असते. ती खासगी करायची तर क्रम असा ठेवावा :

१. थकलेला कर आणि ई-चलान आधी भरा. गाडी दोन वर्षं उभी होती म्हणून कर आपोआप माफ होत नाही. गाडी वापरात नाही हे आरटीओला वेळेत लेखी कळवलं असेल तरच सवलतीचा विचार होतो.

२. परमिट आरटीओत जमा करा आणि जमा केल्याचा दाखला घ्या. उद्यानाच्या यादीतूनही गाडीचं नाव काढून घ्या.

३. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा उतरवा. कर्ज फिटून दहा वर्षं झाली तरी बोजा कागदावर तसाच असतो, तो आपण होऊन उतरत नाही.

४. वाहनाचा वर्ग बदलण्याचा अर्ज द्या, गाडी तपासणीला न्या, खासगी गाडीचा लागू होणारा कर भरा.

५. विमा बदला. टॅक्सीचा विमा आणि खासगी गाडीचा विमा वेगळा असतो. चुकीच्या वर्गाचा विमा दाव्याच्या वेळी अडवतो.

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं चालते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, गाडी दाखवून, पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे २००८ ची गाडी आज पांढऱ्या पाटीवर आणली तरी तिचं वय २००८ पासूनच मोजलं जातं. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ च्या बदलानं २० वर्षांवरील हलक्या चारचाकीसाठी ते १०,००० रुपये केलं. महाराष्ट्रात १५ वर्षांनंतर पर्यावरण करही भरावा लागतो. गाडीची किंमत ठरवताना हा खर्च आधी वजा करा.

आणखी एक बाब बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सफारी जिप्सीची मागची सीट पायरीसारखी उंच केलेली असते, वरचं छत काढलेलं असतं. आरसीवर बॉडीचा प्रकार आणि आसनसंख्या काय लिहिली आहे ते बघा. कागदावर एक आणि गाडीत दुसरं असेल तर तपासणीत गाडी परत पाठवतात.

एमपी-५० ची एमएच-३५ करताना

बालाघाटचा नंबर एमपी-५०, गोंदियाचा एमएच-३५. मध्ये फक्त बाघ नदीचा पूल आहे, पण कायद्यानं ही दोन वेगळी राज्यं.

- विकणाऱ्यानं मूळ आरटीओत फॉर्म २८ देऊन एनओसी घ्यावी.
- हस्तांतरणासाठी फॉर्म २९ (विकल्याची सूचना) आणि फॉर्म ३० (नाव बदलण्याचा अर्ज) लागतात. दोघांच्याही सह्या नीट करून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका.
- विक्रेत्याला कळवण्याची मुदत राज्यातल्या राज्यात १४ दिवस, दुसऱ्या राज्यात विकली तर ४५ दिवस. घेणाऱ्याला ३० दिवस.
- गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी फॉर्म २७.
- घेणाऱ्यानं १४ दिवसांत विमा कंपनीलाही कळवून विमा आपल्या नावावर करून घ्यावा.

मध्य प्रदेशातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांची आरसी पुस्तकी किंवा जुन्या कार्डाची आहे. अशा गाडीची नोंद 'वाहन' प्रणालीत दिसते का, हे सौद्याआधी परिवहनच्या पोर्टलवर किंवा एम-परिवहन अ‍ॅपवर तपासा. दिसत नसेल तर मूळ आरटीओत ती चढवून घेणं ही विकणाऱ्याची पहिली पायरी. ऑनलाइन नोंद नसलेल्या गाडीचं पुढचं कुठलंच काम हलत नाही.

स्वस्तात मिळते म्हणून दिल्लीकडची जिप्सी आणणारेही आहेत. दिल्ली-एनसीआरमध्ये १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. एनसीआरचा नियम बालाघाट-गोंदियाला लागू नाही. तरीही तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

गाडी विकली, नाव तसंच : धोका किती?

सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हा प्रश्न सोडवला. त्यात गाडी एकामागून एक अशी अनेकांना विकली गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याच मालकाचं होतं. अपघात झाला. न्यायालयानं सांगितलं, कायद्याच्या दृष्टीनं मालक तोच ज्याचं नाव नोंदीत आहे, आणि नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. अपघातात जखमी झालेल्या माणसानं किंवा मृताच्या कुटुंबानं गाडीच्या मालकांची साखळी शोधत फिरावं, अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हा त्यामागचा विचार.

सफारी जिप्सीला हे जास्तच लागू होतं. ही गाडी दोन-तीन हात सहज बदलते, स्टँप पेपरवर व्यवहार होतो, आणि नवा मालक ती विमा न काढताच जंगलवाटेला चालवतो. अपघात झाला आणि विमा नसेल तर भरपाईची रक्कम लाखांत जाऊ शकते. ती जुन्या मालकाच्या जमिनीवर येऊ शकते. म्हणून पैसे थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण नाव उतरवूनच गाडी द्या. स्टँप पेपरवरचा करार दोघांमधल्या भांडणात पुरावा म्हणून चालेल, अपघातग्रस्ताच्या दाव्यापासून तो वाचवत नाही.

मालक वारले असतील तर

वडिलांच्या नावावर गाडी आणि वडील नाहीत, अशी घरं पुष्कळ आहेत. वारसानं मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव लावून घ्यायचं, असा नियम आहे. मृत्यूचा दाखला, वारसाची कागदपत्रं आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. मुदत टळली असेल तर विलंब शुल्कासह अर्ज करावा. मृत माणसाच्या नावावरची गाडी थेट तिसऱ्याला विकू नये.

सरकारी आणि लष्करी जिप्सी

वन विभाग, पोलीस आणि लष्करानंही जिप्सी भरपूर वापरली. लिलावात अशा गाड्या निघतात. एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत असे लिलाव ऑनलाइन होतात.

इथं नियम कडक झाला आहे. केंद्रानं जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचना काढून केंद्र, राज्य, महामंडळं आणि स्थानिक संस्थांच्या १५ वर्षांवरील गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून नूतनीकरणाला बंद केली. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या विशेष कामाच्या, म्हणजे चिलखती वगैरे गाड्यांना यातून वगळलं आहे. अशा १५ वर्षांवरील सरकारी गाड्यांना आता एकच वाट आहे, नोंदणीकृत भंगार केंद्र. "वन विभागाची जुनी जिप्सी आहे, कागदं नंतर करून देतो," असं कोणी सांगत असेल तर तिथंच थांबा.

लष्कराच्या गाडीला आरटीओचा नंबर नसतो, बाणाची खूण असलेला वेगळा नंबर असतो. लष्करानं रस्त्यावर चालवण्यायोग्य म्हणून विकलेली गाडी नोंदवायची तर संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं फॉर्म २१ मधलं विक्री प्रमाणपत्र मूळ स्वरूपात लागतं. लिलावाच्या यादीत 'भंगार' असा उल्लेख असेल तर ती गाडी फक्त लोखंड म्हणून विकलेली आहे, नोंदणी होणार नाही.

डिझेल इंजिन बसवावं का?

पेट्रोलचा खर्च परवडत नाही म्हणून जिप्सीत दुसऱ्या कंपनीचं डिझेल इंजिन बसवण्याची चाल जुनी आहे. कलम ५२ प्रमाणे उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. इंजिन खराब झालं तर त्याच प्रकारचं दुसरं इंजिन आरटीओच्या परवानगीनं बसवता येतं आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवावा लागतो. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट बसवायचं तर ते त्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त हवं आणि त्याचीही नोंद व्हायला हवी. नोंद नसलेलं इंजिन असेल तर विम्याचा दावा अडकतो आणि गाडी पुढे विकताही येत नाही.

घेण्याआधी गाडीत काय बघावं?

- चेसिस नंबर चेसिसवर स्वतः वाचा. घासलेला, वेल्डिंग केलेला, रंग फासलेला असेल तर सौदा सोडा.
- गाडी खालून बघा. पाटे जिथं चेसिसला जोडतात तिथं गंज आणि चिरा बघा. स्क्रू ड्रायव्हरनं टोचून पाहा, पत्रा आत गेला तर चेसिस गेली.
- फोरव्हील टाकून थोडं चालवा. लिव्हर उडून बाहेर येत असेल किंवा घरघर आवाज असेल तर ट्रान्सफर केसचा खर्च आहे.
- गाडी सरळ रस्त्यावर ४०-५० च्या वेगात स्टीअरिंग थरथरवते का? पुढच्या अ‍ॅक्सलची बेअरिंग आणि सांधे झिजल्याची ती खूण.
- थंड इंजिन चालू करून धूर बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय.
- जुन्या कार्बोरेटरच्या गाडीतले रबरी पाइप, गॅस्केट बदलून घ्या. आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी ते बनवलेले नव्हते.
- मागच्या उंच सीटचं वेल्डिंग कशाला केलंय ते बघा. लहान मुलं बसवणार असाल तर लक्षात ठेवा, या गाडीत एअरबॅग नाहीत.

भंगारात देताना

गल्लीतल्या कबाड्याला गाडी वजनावर दिली की पैसे लगेच मिळतात, पण आरसी जिवंत राहते. तीच आरसी आणि चेसिसचा तुकडा चोरीच्या गाडीला चिकटवला जाऊ शकतो आणि पोलीस येतात तुमच्या दारी. सप्टेंबर २०२१ च्या नियमांनुसार देशात नोंदणीकृत भंगार केंद्रं सुरू झाली. तिथं गाडी दिली की 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. त्यावर नवी गाडी घेताना नोंदणी शुल्क माफ होतं, आणि राज्याच्या नियमाप्रमाणे रस्ता करात सवलत मिळते. खासगी गाडीला २५ टक्क्यांपर्यंत, व्यावसायिक गाडीला १५ टक्क्यांपर्यंत. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकताही येतं.

गाडी जळाली, पुरात गेली, कायमची निकामी झाली, तर १४ दिवसांत आरटीओला कळवून कलम ५५ खाली नोंदणी रद्द करून घ्यावी. रिसॉर्टच्या दारात शोभेला ठेवायची गाडीही याच मार्गानं न्यावी. नोंदणी रद्द झाली की कराचा मीटर थांबतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*गाडी शेतातच चालते, रस्त्यावर आणत नाही. विमा लागतो का?*
शेतात जायला गावरस्ता ओलांडावाच लागतो. सार्वजनिक जागेत थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये, पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड. अपघाताची भरपाई वेगळी.

*आरसीची मुदत संपली, तरी गाडी चालवली तर?*
विनानोंदणी गाडी चालवल्याचा गुन्हा लागतो. पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड.

*पाच वर्षांपूर्वी विकली, घेणाऱ्यानं नाव बदललं नाही. आता काय?*
विक्रीचा करार, घेणाऱ्याचं ओळखपत्र आणि फॉर्म २९ ची प्रत घेऊन मूळ आरटीओत लेखी कळवा, पोच घ्या. घेणाऱ्याला नोंदणीकृत टपालानं नोटीस पाठवा. गाडीचा विमा चालू आहे का, हे परिवहनच्या अ‍ॅपवर बघत राहा. नाव उतरेपर्यंत पाठपुरावा सोडू नका, तोपर्यंत जबाबदारी तुमचीच आहे.

*नवी जिप्सी पुन्हा येईल का?*
मारुतीनं २०२३ मध्ये पाच दरवाज्यांची जिम्नी आणली, ती त्याच घराण्यातली. पण जिप्सीच्या बॉडीचे आणि फोरव्हीलचे भाग तिच्यावरून मिळतील या भरवशावर जुनी गाडी घेऊ नका.

शुल्क आणि कराचे दर बदलत असतात. अर्ज भरायच्या दिवशी बालाघाटचं जिल्हा परिवहन कार्यालय किंवा गोंदियाचं उपप्रादेशिक परिवहन कार्यालय इथून चालू दर विचारून घ्यावेत, आणि प्रत्येक अर्जाची पोचपावती गाडीच्या कागदांसोबत जपून ठेवावी.